आप्पांच्या भजनामागची खरखर

स्पीकर निवडायला ज्यांनी मदत केली, त्यांना आधी सांगतो, आवाज एकदम मस्त आहे. चूक माझ्याकडून झाली.

आज दुपारी शहाद्याच्या घरी कॉम्प्युटरला नवं साऊंड कार्ड, अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर जोडले. पहिलं काय वाजवायचं ते ठरलेलंच होतं: माझ्या वडिलांची, आप्पांची भजनं. तरुणपणी त्यांनी घरातच टेप केलेली. कॅसेटवरून ती कॉम्प्युटरवर घेतली आणि आठवडाभर बसून सॉफ्टवेअरने मागची सगळी खरखर काढली.

आप्पांना समोर खुर्चीत बसवलं. त्यांनी मान खाली घालून पूर्ण भजन ऐकलं. मग म्हणाले, "आवाज चांगला शे. पन यामां तुन्ही माय कोठे गयी?"

मला कळेना. आई तर कधी गायलीच नाही.

"मांगे तिन्हं मशीन चाली ऱ्हायनं व्हतं ना."

आई लोकांचे ब्लाउज शिवायची. ती गेली, तेव्हा तिचा आवाज कुठेच टेप केलेला नव्हता. तिच्या शिलाई मशीनची घरघर तेवढी उरली होती, आणि तीच मी पुसली. जुनं काही साफ करण्याआधी तुम्ही घरात कुणाला विचारता का?

नशीब, कॅसेट फेकली नव्हती. ती नव्या स्पीकरवर खरखरीसकट लावली. भजनाच्या मध्येच मागचं मशीन थांबलं.

"दोरा तुटना व्हई," आप्पा हळूच म्हणाले.

आम्ही दोघं ते पुन्हा सुरू व्हायची वाट बघत बसलो.