पद्माने शिवलेले लाल अस्तराचे झगे

पद्मा गेल्याचं तिच्या वडिलांनीच फोन करून सांगितलं. मी तेव्हा उजवा हात प्लास्टरमध्ये घालून पडले होते. "पोरगी गेली की," एवढंच ते म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडे तिची आई तेलुगूत ओरडून रडत होती... त्यानंतर जो भेटला त्याने मला एकच विचारलं, असले कपडे घालून गेलातच कशाला? या प्रश्नाने माझं डोकं अजून फिरतं. म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही पाच जणी कॉलेजपासूनच्या. एखाद्या पात्राचा हुबेहूब वेश करून मिरवायचं, त्याला कॉस्प्ले म्हणतात. हे खूळ पद्माचं. यंदा तिने दोनशे वर्षांपूर्वीचे युरोपातले व्हॅम्पायर ठरवले होते, रक्त पिणारे सरदार. ताठ उंच कॉलर, पोटऱ्यांपर्यंत काळे झगे, आत लाल अस्तर. घराणं आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांचं, चादरीचं सूत रंगवायचं तेही घरीच. पण तिची शिवायची पद्धत कसायाची. कागदावर बेतणं तिला मंजूरच नव्हतं. कापड अंगावर टाकायची आणि अंगावरच कापायची. कात्रीचं गार पातं गळ्याशी आलं की आम्ही डोळे मिटायचो. "हलू नको की गं, मान जाईल!" टाचणी टोचून कुणी किंचाळलं तर वर पाठीत धपाटा. आम्ही तिला मनसोक्त शिव्या घालायचो आणि पुन्हा तिच्यापुढे जाऊन उभ्या राहायचो.

अस्तराचा रंग तिने मुद्दाम कच्चा ठेवला. ज्या घरात चादरीचा रंग उतरला तर नाक कापलं जातं, त्या घरच्या मुलीने! "घाम आला की गळ्यावर वघळला पायजे. लई भारी दिसंल." रंगाचं पाणी जमलं का, हे ती वडिलांसारखंच जिभेवर थेंब घेऊन बघायची आणि लाल दात दाखवून हसायची.

फोटो काढायला आम्ही शहराबाहेर, होटगी गावाच्या पुढे एका पडक्या गढीत गेलो. ऊन असं होतं की पद्माच्या मनासारखं झालं, पाचही माना लालेलाल. जवळच्या वस्तीवरची एक चिमुरडी आमच्याकडे बघत उभी होती. पद्माने तिला आपल्या झग्यात गुंडाळून फोटो काढला. पोरगी खुशीत घरी पळाली... गळ्याला तो रंग घेऊन.

त्या दिवसांत तिकडे प्रत्येकाच्या फोनवर पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती, हे आम्हाला नंतर कळलं. माणसं आली ती काठ्या घेऊनच. "पोरीच्या गळ्याला रगत हाय!" पहिला फटका माझ्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पद्मा मला मागे ढकलून पुढे झाली. "रगत न्हाय वो, रंग हाय! हे बघा!" आणि झग्याची ओली कड तोंडात धरून तिने चोखून दाखवली. रंगाऱ्याच्या घरात याहून साधा पुरावा नसतो. पण ओठ लाल, हनुवटी लाल, आणि तोंडात खोटे सुळे बसवलेले... "पिती की रं ही!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे तिच्यावर तुटून पडले. काठ्या, दगड, लाथा. एक म्हातारा शांतपणे, भाजी निवडावी तसे दगड निवडत होता. त्याचं तोंड मी विसरणार नाही, आणि पोलिसांना मी ते ओळखून दाखवलं आहे. एवढ्यात त्या पोरीची आई धावत आली. ओल्या पदराने पोरीचा गळा पुसून सगळ्यांना दाखवत होती, "जखम न्हाय! काय बी झालं न्हाय, सोडा तिला!" ती बराच वेळ एकटीच ओरडत राहिली. हात थांबले तेव्हा पद्मा हलत नव्हती. दवाखान्यात ती शुद्धीवर आलीच नाही.

तिला कपड्यांनी नाही मारलं. माणसांनी मारलं.

हे मी तिच्या वडिलांनाही सांगणार होते. परवा प्लास्टर निघाल्यावर घरी गेले, तर ते तिच्या मशीनपाशी उभे राहून उरलेसुरले कपडे टराटरा फाडत होते. "ह्येनंच खाल्लं माझ्या पोरीला." त्यांच्याशी काय भांडणार? यंत्रमागावर जन्म काढलेले ते हात. अर्धवट शिवलेला एक कोट त्यांनी उचलला, बाही धरून हिसडा मारला. कापड फाटलं, पण शिवणीच्या शेजारी. शिवण होती तशीच. त्यांनी कोट पायाखाली दाबला आणि दोन्ही हातांनी ओढला. शिवण निघेना. मग ते तिथेच फरशीवर बसले, चष्मा लावला आणि ती टीप अंगठ्याने चाचपत राहिले.

"येवढं घट्ट शिवायला कुणी शिकवलं हिला?" ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे रडले.