पक्षी जागेवर

कस्टमच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच, वर्गीकरणाच्या साहेबांची खोली होती. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची गरज कधी कुणाला पडली नाही. सगळे त्यांना 'म्हणजेकाय' म्हणत. परदेशातून आलेल्या मालाचा कागद पुढे सरकवला की साहेब चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "मेणबत्ती? मेणबत्ती म्हणजे काय?" मी माल सोडवून देणारा एजंट. बावीस वर्षं हा प्रश्न ऐकून माझे कान किटले होते. पण पोटही त्याच प्रश्नावर भरत होतं, तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला शुल्काच्या जाड पुस्तकात एक घर असतं. कुठली वस्तू कुठल्या घरात बसवायची, हे साहेबांनी ठरवायचं. खेळण्याला एक दर, दिव्याला दुसरा. सणाच्या शोभेच्या वस्तूंना मात्र अगदी नावापुरतं शुल्क. लोकांचा आनंद फार महाग करू नये, असं कुणा दयाळू माणसाला वाटलं असावं. त्या माणसाची आणि आमच्या साहेबांची गाठ पडली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

एकतीस वर्षांत साहेबांचा एकही आदेश अपिलात फिरला नव्हता. हे ते स्वतः सांगत, आणि कुणी न विचारता सांगत. त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. ते आदेश काढतच नसत. ते नमुना मागवत, खुलासा मागवत, मग खुलाशाचा खुलासा मागवत. तोवर व्यापारी मेटाकुटीला येऊन जास्तीचं शुल्क भरून मोकळा होई, नाहीतर माल परत पाठवी. जो पाण्यात उतरलाच नाही तो बुडणार कसा? पण कचेरीत त्यांचा दबदबा होता. निवृत्तीच्या मानपत्रात 'ज्यांचा एकही आदेश कधी फिरला नाही' हे वाक्य घालायचं ठरलं होतं. ते वाक्य साहेबांनीच लिहून दिलं होतं.

घरीही हाच कारभार. एकदा सही घ्यायला गेलो होतो तेव्हा स्वयंपाकघरात डोकावलो. प्रत्येक बरणीवर साहेबांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: 'साखर, जाड', 'साखर, बारीक', 'मीठ (साखरेसारखे दिसणारे)'. मी साहेबांच्या बायकोला, वहिनींना म्हटलं, "सोपं जात असेल तुम्हाला." त्या म्हणाल्या, "चहा घेणार का?" तेव्हा मला ते उत्तर वाटलं नव्हतं.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना साहेबांसमोर एक पक्षी आला. वीतभर उंचीचा, कापडी, डोक्यावर लाल टोपी, पोटात मिणमिणता दिवा. सणाच्या दिवसांत दारावर टांगायचा. छोटं दुकान चालवणाऱ्या एका ताईंनी असे चार हजार पक्षी मागवले होते. मी त्यांना घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. साहेबांनी पक्षी उलटा केला, टोपी ओढून पाहिली.

"पक्षी म्हणजे काय?"

"पक्षीच आहे साहेब," ताई म्हणाल्या. "सणाला दारावर लावायचा."

"आणि सण संपल्यावर?"

"काढून ठेवायचा."

"आणि नाही काढला तर?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"नाही काढला, तर तो सणाचा राहिला का?" साहेब खुलले. "तो घरातली बारमाही शोभेची वस्तू झाला. शुल्क चौपट."

"अहो साहेब, टोपीवाला पक्षी वर्षभर दारावर कोण ठेवतं?" मी म्हणालो.

"तेच तर बघायचं आहे," असं म्हणून त्यांनी एक पक्षी रीतसर पावती देऊन ताब्यात घेतला आणि प्रत्यक्ष निरीक्षणासाठी स्वतःच्या घरी नेला. एका सामान्य कुटुंबात सण संपल्यावर पक्ष्याचं काय होतं, ते ते पाहणार होते. ताईंनी हमी लिहून देऊन त्या वर्षीचा माल कसाबसा सोडवला.

दहा महिन्यांनी आदेश आला. एकोणीस पानांचा! साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा ठाम काही म्हटलं होतं. सोबत रोजनिशी जोडली होती. 'दिवस सत्तेचाळीस: पक्षी जागेवर. घरातल्यांची तक्रार नाही.' 'दिवस एकशे बारा: पक्षी जागेवर. घरातल्यांची तक्रार नाही.' अशा तीनशेवर नोंदी. सबब, सामान्य माणसाला पक्षी काढावासा वाटत नाही, सबब तो सणाचा नाही, सबब शुल्क चौपट.

तोवर ताईंचा या वर्षीचा माल येऊन गोदीत पडला होता. आदेश टिकला तर चौपट शुल्क लागून चढलेल्या भावात तो पक्षी कुणीच घेतला नसता. सणाला अठरा दिवस उरले होते आणि ताईंचं अर्धं वर्ष त्या अठरा दिवसांवर चालायचं. मी अपील केलं, पण त्यांना स्पष्टच सांगितलं, "ताई, आशा धरू नका. तीनशे दिवसांचा पुरावा आहे. आपल्याकडे फक्त टोपी आहे."

साहेबांनाही हे अपील जिव्हारी लागलं होतं. निवृत्तीला आठ दिवस, आणि पाटी कोरी ठेवायची होती. अपील ऐकणाऱ्या मोठ्या बाईंनी सुनावणीत विचारलं, "ही रोजनिशी तुमची. पण घरात टांगणं, उतरवणं कोण करतं?"

"आमच्या सौभाग्यवती," साहेब म्हणाले. "बोलवू? जवळच राहतो आम्ही." कुणी मागितलं नसताना साक्षीदार त्यांनीच दिला. कोण हा आत्मविश्वास!

अर्ध्या तासात वहिनी आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवर.

"तो पक्षी आवडतो तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"सणात आवडला होता."

"मग सण संपल्यावर ठेवलात कसा?"

"मी कुठे ठेवला? सण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढले काढायला. हे आतून ओरडले, 'हात लावू नकोस, निरीक्षण चालू आहे!' मग उतरले."

साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"नंतर कधी काढावासा वाटला?"

"रोज वाटतो. टोपीत कोळ्याने घर केलंय. येणारेजाणारे हसतात. झटकायला गेलं तर म्हणतात, पुराव्याला हात लावायचा नाही. पायाला सरकारी मोहर लावलीय हो त्याच्या."

बाईंनी रोजनिशी उघडली. "पण इथे रोज लिहिलंय, घरातल्यांची तक्रार नाही."

"कुणाकडे करायची?" वहिनी म्हणाल्या.

कोपऱ्यातला टंकलेखक फसकन हसला आणि खोकल्याचं सोंग करू लागला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या मते ती वस्तू कसली आहे?"

"सणाची. सण सरला की डोळ्यांत खुपते. ठरवायचं माझ्याकडे असतं तर तीनशे दिवस राहिली नसती. पण आमच्या घरात काय लावायचं आणि काय काढायचं, हे मी कधी ठरवलंय? बत्तीस वर्षं एक कपाट खिडकीसमोरून हलवायचं म्हणतेय."

सामान्य कुटुंबाने पक्षी ठेवलाच नव्हता, साहेबांनी ठेवला होता. मला एक शब्द बोलायची गरज पडली नाही. बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "आदेश रद्द. माल सणाचा. आजच सोडा." ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता, आणि मग त्या गोदीकडे अक्षरशः धावल्या.

मी कागद गोळा करून बाहेर आलो तेव्हा साहेब आणि वहिनी बाहेर बाकापाशी उभे होते. बावीस वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली होती. खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या होत होत्या. पण साहेबांचं तोंड पाहिलं आणि मी उगाच फाइलची नाडी बांधत उभा राहिलो. ते चिडले नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"अगं, पण हे सगळं तू मला घरी का नाही सांगितलंस?"

वहिनींनी पर्सची चेन लावली.

"घरी तुम्ही कधी विचारलंत? इथे विचारलं, म्हणून सांगितलं."