राजाध्यक्षांच्या बॉनेटवरचे गुद्दे

अहिल्याबाई टिपणिसांचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि त्याची त्यांना मुळीच खंत नव्हती. दिल्लीच्या हिंदूराव इस्पितळात वॉर्ड सिस्टर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, सिस्टर" म्हणणाऱ्या पेशंटच्या उशीखालून समोसा काढून दाखवण्यात जिचा जन्म गेला, ती बाई रिटायर झाल्यावर एकदम भोळी कशी होणार? दूधवाल्याचं दूध त्या बोट बुडवून बघत. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघत. पोस्टमन हसून नमस्ते म्हणाला तर दिवसभर विचार करत, हा आज हसला का?

वडील केंद्र सरकारात कारकून, म्हणून कुटुंब दिल्लीला आलं. अहिल्याबाई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकल्या. वडील लवकर गेले आणि दोन धाकट्या भावांना वाढवता वाढवता स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. भाऊ पुण्याला जाऊन स्थिरावले, दिवाळीला पत्र टाकू लागले. अहिल्याबाई मयूर विहारच्या सरकारी डीडीए फ्लॅटमध्ये, तळमजल्यावर, मांजरांसह एकट्या राहिल्या.

मांजरांच्या बाबतीत मात्र हीच संशयी बाई लोण्यासारखी मऊ. ब्लॉकमधली कुठलीही बाई मांजराची तक्रार घेऊन आली की आधी त्या तिच्या हातातली चप्पल खाली ठेवायला लावत. मग हिंदीत शिकवणी सुरू. मांजर ओट्यावर चढतं? ओट्यावर संत्र्याची सालं ठेवा, त्याला तो वास आवडत नाही. खिडकीशी उंच जागा द्या, तिथे बसलं की लगेच एक घास द्या. सोफा ओरबाडतं? जाड गोणपाट खांबाला गुंडाळा, नख्या तिथे घासू द्या. "मारलंत तर ते ओटा सोडणार नाही, तुम्हाला सोडेल," असं त्या ठणकावून सांगत. "मांजर सूड म्हणून काही करत नाही. शिक्षा करायच्या आधी बघा तरी, ते असं का करतंय!"

कॉलनीबाहेर नोएडाकडे जाणारा रस्ता होता, ट्रकांचा. तिथे गाडीनं मांजर उडवलं की लोक अहिल्याबाईंचं दार वाजवत. त्या जुना टॉवेल आणि खोका घेऊन निघत. आधी रस्त्यावरची वाहनं थांबवायची, मग जनावराच्या तोंडावरून टॉवेल टाकायचा, पाठ न वाकवता पुठ्ठ्यावर सरकवून उचलायचं. कुणीतरी हटकून वाटीत दूध आणत असे. त्याला त्या अशा काही झापत की यंव. जखमी जिवाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, ठसका लागून जीव जायचा. ऊब द्यायची, अंधार द्यायचा आणि थेट जनावरांचा दवाखाना गाठायचा.

अशीच एका पावसाळ्यात उचलून आणलेली ठकी. काळी-पांढरी, अर्धा कान तुटलेला, आणि बया अशी आगाऊ की विचारू नका. अहिल्याबाईंचा जीव तिच्यात गुंतला. बाकीची मांजरं यायची-जायची, ठकी रोज संध्याकाळी मांडीवर येऊन बसायची. एवढं जवळ साठ वर्षांत दुसरं कुणी बसलं नव्हतं.

आणि मग वरच्या मजल्यावर राजाध्यक्ष आले.

श्यामकांत राजाध्यक्ष कुठल्याशा मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. माणूस उंच, घुमा, मोजकं बोलणारा. बायको कुमुद गोड स्वभावाची. अख्ख्या ब्लॉकात मराठी घरं ही दोनच, तेव्हा खरं तर दोन्ही घरांचं मेतकूट जमायला हवं होतं. पण पहिल्याच थंडीत एका सकाळी राजाध्यक्ष दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "टिपणीसबाई, तुमची मांजरं रात्री माझ्या गाडीत..."

"आली तक्रार!" अहिल्याबाईंनी वाक्य तिथेच कापलं. "गाडी मारुती घेतलीत म्हणून रस्ता विकत नाही घेतला! मांजरांचं काही मला शिकवू नका, कळलं?"

राजाध्यक्ष नमस्कार करून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते ठोकणं सुरू झालं.

रोज सकाळी, ऑफिसला निघताना, राजाध्यक्ष बॉनेटवर मुठीनं धाड धाड गुद्दे घालत. गाडी अहिल्याबाईंच्या खिडकीसमोर. आत मांजरांची जेवणाची वेळ. पहिल्या गुद्द्याला सगळी ताटलीवरून उधळत. अहिल्याबाईंचं डोकं सणकायचं. मुद्दाम करतोय मेला! एकदा पडदा सरकवून बघितलं तर हा माणूस हातात टॉर्च नि काठी घेऊन गाडीखाली वाकलेला. त्याच क्षणी ठकी पलीकडून बाण सुटावा तशी पळाली. झालं. अहिल्याबाईंची खात्रीच पटली. हा काठी घालतोय माझ्या मांजरांना. आज काठी, उद्या विष.

तेव्हापासून त्यांनी पाळत ठेवली. कुमुदताईंनी मासळीचा वाडगा पाठवला, तो त्यांनी धुऊन परत दिला, आतलं सगळं नाल्यात. राजाध्यक्षांच्या हातावर ओरखडा दिसला, तो त्यांनी मनात नोंदवून ठेवला. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्या, तर तो हसून म्हणाला, "छोड़िए ना सिस्टरजी, अपनी गाड़ी ठोक रहे हैं, आपको थोड़े ही।" तोही सामील, दुसरं काय!

दुसरी थंडी आली, गुद्दे परत सुरू झाले. मग संक्रांत आली आणि अहिल्याबाईंना युक्ती सुचली. सणाच्या दिवशी तिळगूळ हातावर ठेवून मागितलेलं कुठला मराठी माणूस नाकारेल? नाकारलंच तर उघडा पडेल. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली, लाडू घेतले आणि वर गेल्या.

"वर्षभराचं विसरू या," त्यांनी लाडू राजाध्यक्षांच्या तळहातावर ठेवला आणि हात तसाच धरून ठेवला. "आज गोड बोलायचा दिवस. माझं एकच मागणं आहे, वाद न घालता द्या. ते सकाळचं ठोकणं बंद करा."

"अहो पण अहिल्याताई, ते तर..." कुमुदताई पुढे आल्या.

राजाध्यक्षांनी त्यांना हातानं थांबवलं. हातातल्या लाडवाकडे बघितलं. "आज वाद नको, कुमुद," ते म्हणाले. "बरं. नाही ठोकणार."

अहिल्याबाई जिंकून खाली आल्या. पण संशय गेला होय? इतक्या सहज कसा हो म्हणाला? आता ह्याच्या मनात दुसरं काहीतरी शिजतंय, हे त्यांनी ठकीला मांडीवर घेऊन सांगितलं सुद्धा.

दोन-तीन सकाळी शांत गेल्या. मग दाट धुक्याचा एक दिवस उजाडला. समोरचं कडुनिंबाचं झाड दिसत नव्हतं. ठकी जेवायला आली नाही. बाहेर गाडीचा दरवाजा लागला, इंजिन सुरू झालं, आणि पाठोपाठ अशी किंकाळी आली की अहिल्याबाईंच्या हातातली ताटली गळून पडली.

त्या टॉवेल घेऊन धावल्या तेव्हा इंजिन बंद होतं आणि ठकी मागचा पाय फरफटत फाटकातून बाहेर, थेट रस्त्यावर निघाली होती. राजाध्यक्ष तिच्याही पुढे धावले. धुक्यात, ट्रकांच्या रस्त्यात मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून ओरडू लागले, "रोको! रोको!" करकचून ब्रेक लागले. अहिल्याबाई खाली बसल्या. तोंडावर टॉवेल टाकला, पुठ्ठा कुमुदताईंनी आणून दिला, ठकीला वर सरकवलं. पायाची नुसती लक्तरं झाली होती.

"चला, गाडीत बसा," राजाध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या गाडीत?" अहिल्याबाई किंचाळल्या. "तुम्हीच मारलंत तिला! वर्षभर वाट बघत होतात! मी ऑटोनं जाईन!"

ऑटो? त्या धुक्यात ट्रकांखेरीज रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टॉवेलवरचा लाल डाग पसरत चालला होता. ठकीचा श्वास भराभर चालला होता आणि असा श्वास अहिल्याबाईंनी आयुष्यात खूपदा मोजला होता. ह्या माणसाच्या गाडीत बसायचं नाही, तर ठकी जाणार. बसायचं, तर... बसायचं तर काय, हे त्यांना सुचेना. कुमुदताईंनी मागचं दार उघडून धरलं. अहिल्याबाई दात ओठ खात आत बसल्या.

गाडी दिवे लावून गोगलगायीसारखी सरकत होती. यमुनेच्या पुलावर कुमुदताईंना राहवेना.

"ताई, तुम्हाला राग येईल, पण सांगते. थंडीत मांजरं गाडीखालून वर चढून इंजिनापाशी निजतात, उबेला. आधीच्या कॉलनीत आमच्या शेजाऱ्याचं मांजराचं पिल्लू असंच एका गाडीच्या इंजिनाच्या पट्ट्यात सापडून गेलं. म्हणून गाडी घेतल्यावर ह्यांनी नेम केला, बॉनेट ठोकायचं, काठीनं खालून हलवायचं, सगळी बाहेर पडली की मगच चावी फिरवायची. तुमच्या ठकीला तर हातानं ओढून काढलंय ह्यांनी, ओरबाडलं होतं तिने. हेच सांगायला आले होते हो त्या पहिल्या दिवशी."

अहिल्याबाईंचा हात ठकीच्या पाठीवर तसाच राहिला. मग त्या पुढच्या सीटकडे बघून म्हणाल्या, "मग संक्रांतीला का नाही बोललात?"

"तुम्ही म्हणालात, वाद न घालता द्या," राजाध्यक्ष रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "सणाचा दिवस. म्हटलं, टॉर्चनं बघून घेऊ. आज खाली बघितलं, दिसली नाही. बॉनेट उघडायला हवं होतं. थंडीत आळस केला." त्यांनी हातानं समोरची काच पुसली. "मला माफ करा."

ह्या माणसाच्या तोंडून हे शब्द ऐकायला अहिल्याबाई वर्षभर टपून बसल्या होत्या. आता ते ऐकवेनात. शरमेनं त्यांना बाहेर बघवेना आणि आतही बघवेना.

दवाखान्यात डॉक्टरनं ठकीला टेबलावर घेतलं, हिरड्या बघितल्या, छाती तपासली. पाय काढावा लागेल, पण जगेल, वेळेवर आणलंत, असं म्हणाला. कुमुदताई रडायलाच लागल्या. डॉक्टरनं सुई भरता भरता मान वर केली.

"यह हुआ कैसे? किसकी गलती से?"

"मेरी गाड़ी थी," राजाध्यक्ष पुढे झाले. "गलती मेरी है।"

अहिल्याबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना मागे सारलं. एवढ्या जोरात की उंच माणूस हलला.

"नहीं डॉक्टर साहब," त्या म्हणाल्या. "ये तो इसको रोज़ बचाते थे। मैंने बंद करवाया।"