निवृत्तीचा रंग

गुरुपादप्पा वाईट माणूस होता असं म्हणता आलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. पण दुष्काळातही औशातल्या त्याच्या हॉटेलात कुणाला चहा नाकारला गेला नाही. दगा दिला तो एकट्या निवृत्तीला, आणि तोही हसतहसत.

निवृत्ती माझा शेजारी, लाकडाला पॉलिश करणारा. अप्पाच्या हॉटेलात रेडिओला जोडलेले दोन मोठे लाकडी स्पीकर होते, वरून सागाचं विनियर, म्हणजे लाकडाचाच पातळ पापुद्रा. अप्पा रोज त्यांच्यावर ओल्या भस्माची तीन बोटं ओढायचा. पॉलिश पांढरं पडायचं, निवृत्ती चिडायचा आणि जवसाचं तेल घेऊन पुन्हा जायचा. बहात्तरच्या दुष्काळात नांदेडच्या एका फर्निचरवाल्यानं त्याला कायमचं बोलावलं. अप्पा म्हणाला, "जाऊ नको. लातुरात मोठं हाटेल टाकणार हाय मी. तिथल्या लाकडाला हात तुझाच." हा खुळा थांबला आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला.

पुढं लातूर जिल्हा झाला, साहेबलोक आले, अप्पाचं हॉटेलही उभं राहिलं. "आधी स्पीकर पयल्यासारखे कर," अप्पानं सांगितलं, "उन्हानं पार उडालेत."

निवृत्तीनं जुनं पॉलिश स्पिरिटनं उतरवलं. बारीक पॉलिश-कागद लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच फिरवला; जरा जोर झाला तर विनियर फाटून आतलं हलकं लाकूड दिसतं. मग तेल, मग चपड्याच्या लाखेचे हात, एक वाळला की दुसरा. रंग वर आला तेव्हा त्यानं मला हाक मारली. "हाटेलातली समदी टेबलं ह्याच रंगाची करणार," म्हणाला. इतका खूश तो मला कधी दिसला नव्हता.

उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. टेबलं, गल्ला, दारं, सगळं त्याच रंगाचं होतं. पण सनमायका! अप्पानं ते स्पीकर नमुना म्हणून दुकानात नेले होते आणि रंगाला रंग जुळवून शीट निवडलं होतं. उरलेलं शीट स्पीकरवरच चिकटवलं होतं.

"बघ निवृत्ती, तुझाच रंग उचललाय!" अप्पा म्हणाला. "आता ऊन लागू दे, भस्म लागू दे, फडकं मारलं की झालं. तुलाबी दगदग न्हाई."

निवृत्ती स्पीकरवरून बोट फिरवत राहिला. मीच म्हणालो, "अप्पा, केसानं गळा कापला तुमी." अप्पाला खरंच काही कळलं नाही. त्यानं आमच्यासाठी जिलेबी मागवली.

सनमायका बसवणारा सुतार शेजारीच जेवत होता. निवृत्तीनं त्याला विचारलं, "पॉलिशवर चिकटलं कसं?"

"कुठं चिकटतंय, काका? खरडून काढलं समदं. कुणी केलतं देव जाणे, लई घट्ट! हात भरून आले."

पायऱ्या उतरताना, भर गर्दीत, पन्नाशीचा निवृत्ती माझा हात धरून रडला.

"येवढं चांगलं करायला नको व्हतं रे मी," एवढंच म्हणत राहिला.