हरिबाची पुंगळी

न्हावऱ्यात हरिबाला सगळे बंदूकवाला म्हणायचे, पण त्याच्या घरात बंदूक कधीच नव्हती. बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला. हरिबा मात्र पोरवयात भरतीला गेला आणि फौजेत आर्मरर झाला, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारा. पेन्शनीवर आल्यावर त्यानं गावाबाहेरच्या वस्तीवर दोन खोल्या बांधल्या, बायको सगुणाबाईच्या हौसेखातर एक गाय घेतली आणि दौंडला पृथ्वीराजच्या बंदुकांच्या दुकानात कामाला लागला. सकाळच्या एसटीनं जायचा, दिवेलागणीला परत यायचा.

दुकानाला दुरुस्तीचा आणि काडतुसं भरून देण्याचा परवाना होता. तिथं एक काम असं होतं की ते हरिबाशिवाय कुणी करत नसे. आसपासच्या काही जुन्या घरांत आजोबांच्या वेळच्या विलायती रायफली होत्या. परवाने चालू, नळ्या ठणठणीत, पण त्यांचं काडतूसच बाजारात मिळायचं नाही. मग हरिबा पुण्याच्या रायफल क्लबातून सहज मिळणाऱ्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणायचा आणि त्यांना त्या जुन्या रायफलीच्या मापाचा आकार द्यायचा. पुंगळीची मान ज्योतीवर गोल फिरवत तापवायची, पितळ नरम झालं की पाण्यात सोडायची, मग मेण चोळून प्रेसमध्ये एकामागून एक डायमधून, म्हणजे पोलादी साच्यांमधून, दाबत न्यायची. जरा घाई केली की तिला सुरकुती पडायची किंवा तोंडच चिरायचं. चिरलेली पुंगळी तो हातोडीनं चेपून भंगारात टाकायचा, कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

मेण घरचंच असे. सगुणाबाईचा भाऊ बिरदेव अजून मेंढरं राखायचा. त्याच्याकडची लोकर ती पाण्यात उकळायची, वर आलेला मेणचट तवंग गाळून डबीत भरायची. हरिबा म्हणायचा, या मेणासारखं पितळ सरकवणारं दुसरं काही नाही.

तयार पुंगळी नव्यासारखी दिसायची. बुडावरचा शिक्का मात्र मूळच्या काडतुसाचाच राहायचा. नाव एकाचं आणि अंग दुसऱ्याचं, अशी ती वस्तू.

या पुंगळ्यांचं मोठं गिऱ्हाईक गावातच होतं. हौसराव, जुने बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. रानडुकरांपासून पीक राखायला त्यांना आजोबांच्या रायफलीचा परवाना होता. वर्षातून दोन-चार बार काढायचे आणि दसऱ्याला तिची पूजा करायचे. हरिबा आणि ते शाळेत एकाच वर्गात होते, तरी हरिबा त्यांना आप्पा म्हणायचा आणि ते त्याला अरे-तुरे करायचे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या हिवाळ्यात ओढ्याकडच्या उसात बिबट्या आला. बिरदेवाची मेंढरं गेली, हौसरावांचं कुत्रं गेलं. फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला, त्यात बांधलेली शेळी ओरडून ओरडून दमली, पण बिबट्या काही आत शिरला नाही. आणि मग ऊसतोडीची टोळी फडात घुसली, तेव्हा पाचटात तो मरून पडलेला दिसला. फासळीत भोक होतं. गोळी आरपार गेली होती, त्यामुळं ती काही सापडली नाही. पण दुसऱ्या दिवशी जवळच्या पाण्याच्या चारीत वनरक्षकाला एक रिकामी पुंगळी मिळाली.

शिरूरच्या ठाण्यातून हरिबाला बोलावणं आलं. फौजदारानं प्लास्टिकच्या पिशवीतली पुंगळी टेबलावर ठेवली.

"बुडावर एक नाव आहे आणि माप भलतंच आहे. असलं काम इकडं कोण करतं?"

हरिबानं चष्मा पुसून पाहिलं. "माझ्या हातची हाय, सायेब."

"कुणासाठी केलेली?"

"हौसराव आप्पांच्या रायफलीसाठी. त्या मापाची दुसरी रायफल आमच्याकडं येत न्हाई."

फौजदारानं पिशवी पुन्हा आपल्याकडं ओढली. मग म्हणाला, "हौसराव म्हणतात, त्यांची रायफल कपाटात कुलपात आहे आणि तुम्ही दिलेल्या पुंगळ्या सगळ्या घरात आहेत. तुम्ही जादा किती केल्या आणि कुठं ठेवल्या ते त्यांना माहीत नाही, असं ते म्हणतात. आणि मेंढरं तुमच्या मेव्हण्याची गेली होती ना?"

हरिबाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. फौजदारानं तेच पुन्हा सांगितलं.

रायफल तपासणीसाठी पुण्याला गेली. अहवाल कधी येईल ते कुणी सांगेना, पण गावानं निकाल आधीच लावला. स्टँडजवळच्या टपरीवर हरिबा गेला की बोलणं थांबायचं आणि चहा मुकाट्यानं पुढं यायचा. जो काडतूस करतो त्याला गावठी कट्टा करायला किती वेळ, असं त्याच्या पाठीमागं बोललं जायचं, आणि ते त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पोलिसांनी घराची झडती घेतली. कडब्याची गंज उसकटली, गाईची गव्हाण उपसली, आणि काहीच सापडलं नाही तेव्हा मेणाची डबी हुंगून बरोबर नेली. दौंडहून पृथ्वीराजचा फोन आला. "मामा, राग मानू नका. चौकशी मिटेपर्यंत घरीच थांबा. दुकानाचा परवाना माझ्या नावावर आहे."

हरिबा घरी बसला. आणि बसल्या बसल्या त्याच्याही मनात वहीम शिरला. बिरदेव मध्यंतरी एकदा दुकानात आला होता, एसटीची वाट बघत बराच वेळ बाकावर बसला होता. त्यानं एखादं काडतूस खिशात टाकलं असेल का? पण रायफलीशिवाय नुसतं काडतूस काय कामाचं? तरी बिरदेव इतके दिवस इकडं फिरकला का नाही? सख्ख्या मेव्हण्याबद्दल आपण असं मनात आणतो याची त्याला लाज वाटायची, आणि पुन्हा तोच विचार यायचा.

एका सकाळी गाईची धार काढता काढता सगुणाबाईनं मान वर न करता विचारलं, "अवं, तुमी न्हाई ना केलं?"

हरिबानं तिच्याकडं वळून पाहिलं. "तू बी?"

"मला तेवढं एकदा सांगा. मग मी कुणाला बी तोंड देईन."

"न्हाई केलं," तो म्हणाला. पण त्या दिवशी तो जेवला नाही.

दुपारी त्यानं टोपी घातली आणि सरळ हौसरावांच्या घराची वाट धरली. हौसराव ओट्यावर बसले होते. त्यांची बायको मुक्ताबाई दारात गहू निवडत होती. हरिबाला पाहून दोघंही उठले नाहीत.

"आप्पा, मी तुमाला इचाराया आलोय. ती पुंगळी तुमच्या घरातनंच गेली. कशी गेली?"

"मला काय ठावं?" हौसराव समोरच्या लिंबाकडं पाहत म्हणाले. "करणारा तू. मोजणारा तू."

"करून तुमच्याच हातात दिली मी."

"आता ते ज्याचं त्यानं बघावं, हरिबा. पोलिसांचं काम हाय ते."

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. सुलक्षणा तिचं नाव. तिचा नवरा विक्रम शिक्रापूरच्या कंपनीत पाळीनं जायचा. तिनं कप हरिबापुढं केला तो डाव्या हातानं. पाहुण्याला डाव्या हातानं चहा देणं त्या घरात चालण्यासारखं नव्हतं. हौसराव असल्या गोष्टीवरून चारचौघांत बोलणारा माणूस. पण ते काहीच बोलले नाहीत. मुक्ताबाईनं तर सुपातली नजर वर केली नाही. डोक्यावरून घसरलेला पदर सावरायला सुलक्षणानं उजवा हात उचलला, आणि अर्ध्यातच ती कळवळली.

हरिबानं फौजेत असे कितीतरी खांदे पाहिले होते. नवा शिपाई पहिल्यांदा बार काढतो, बंदुकीचा दस्ता खांद्याला घट्ट धरत नाही, आणि मग कित्येक दिवस त्याला हात वर करवत नाही. त्यानं सुलक्षणाकडं पाहिलं. तिनं पटकन नजर खाली घेतली. गोठ्याच्या दाराला नवा पत्रा ठोकलेला होता, तोही त्याला आता दिसला.

तो चहा पिऊन उठला. इतके दिवस तो जे शोधत होता ते सापडलं होतं, पण हाती धरावंसं वाटत नव्हतं. फौजदारानं पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच विचारलं. "तुमचा संशय कुणावर आहे का? असेल तर सांगा, तुमचाच त्रास वाचेल." हरिबा म्हणाला, "न्हाई." सगुणाबाईलाही त्यानं काही सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून तो भाकरी नीट खाऊ लागला, आणि त्याचंच तिला नवल वाटत राहिलं.

पुढं एका दुपारी अंगणात स्कूटी थांबली. सुलक्षणा एकटीच आली होती. सगुणाबाईनं तिला पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. सुलक्षणा स्वतःच ओट्याच्या कडेला टेकली.

"मामा, तो बार मी काढला," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी सासू-सासरे शिरूरला लग्नाला गेले होते, विक्रम कामावर. दिवस मावळताना ती धार काढत होती आणि तिची लहान मुलगी गोठ्यापुढं खेळत होती. भिंतीवरून बिबट्या आत उतरला आणि त्यानं वासराला धरलं. तिनं मुलीला उचललं, घरात पळाली, दार लावलं. वासराच्या गळ्यात दावं होतं, त्याला ते ओढून नेता येईना. मग बिबट्या त्याला सोडून स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराशी आला. मुलगी मोठ्यानं रडत होती. तो जाळी ओरबाडायला लागला, खालचा कोपरा सुटला.

"देव्हाऱ्यामागं कपाटाची किल्ली असते. आप्पांना भरताना पाहिलेलं होतं. कसं केलं ते मलाच आठवत नाही. बार काढला आणि मी मागं पडले. उठून पाहिलं तर तो नव्हता."

"मग तवाच का न्हाई सांगितलं गं?" सगुणाबाई म्हणाली.

"आप्पा म्हणाले, रायफल त्यांच्या नावावर, हात माझा. परवाना जाईल आणि मला तुरुंगात टाकतील. सकाळी त्यांनीच ती पुंगळी चारीत फेकली. त्यांना वाटलं, बिबट्या कुठंतरी लांब गेला असेल. तो मेलेला सापडल्यावर ते घाबरले." ती थांबली. "त्यांनी तुमचं नाव घेतलं ते मला नंतर कळलं. मामा, तुम्हाला त्या दिवशीच समजलं होतं ना? चहा देताना?"

"व्हय."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"गावाचा वहीम काय असतो ते मी रोज खात व्हतो," तो म्हणाला. "तेच तुझ्या ताटात वाढायचं माझ्यानं झालं न्हाई. तुला लेक हाय."

सुलक्षणा रडली नाही. म्हणाली, "मी ठाण्यात जाते. विक्रमला सांगितलंय, तो थेट तिकडंच येतोय. पण शिरूरपर्यंत एकटीनं जायची भीती वाटते. तुम्ही चला."

"मी आलो तर म्हणतील, म्हाताऱ्यानं पोरीला पढवून आणलं."

सगुणाबाई उठली. तिनं आत जाऊन लुगडं बदललं, पायात चपला घातल्या आणि स्कूटीवर मागं बसली. जन्मात ती कधी स्कूटीवर बसली नव्हती. दोन्ही हातांनी तिनं सुलक्षणाची कंबर घट्ट धरली होती.

सुलक्षणानं जबाब दिला. फॉरेस्टच्या माणसांनी जाळीवरचे ओरखडे पाहिले, वासराच्या मानेची जखम पाहिली, गोठ्याच्या दाराचा गोळीनं भोक पडलेला जुना पत्रा उकिरड्यामागून शोधून काढला. पुण्याहून अहवाल आला, तो तिच्या सांगण्याशी जुळला. चौकशी बरीच लांबली, पण जीव वाचवण्यासाठी बार काढला हे वनखात्यानं मान्य केलं. रायफल जप्त झाली, हौसरावांच्या परवान्याचं प्रकरण अजून चालू आहे. विक्रमनं बायको-मुलीला घेऊन शिक्रापूरला खोली घेतली. सणाला येतात, राहत नाहीत.

पृथ्वीराज स्वतः न्हावऱ्याला येऊन हरिबाला घेऊन गेला. टपरीवर बोलणं पुन्हा सुरू झालं. कुणी माफी मागितली नाही. आपण कधी संशय घेतलाच नव्हता असं जो तो वागू लागला, आणि हरिबाला तेच जास्त खटकायचं. आता तोच समोरच्याच्या तोंडाकडं बघून मग बोलतो. बिरदेव आला तेव्हा मात्र हरिबानं त्याला आग्रह करून जेवायला बसवलं, आणि तो का इतकं वाढतोय हे बिरदेवाला शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांच्या भीतीनंच तो इतके दिवस आला नव्हता.

हौसराव एकदा वस्तीवर आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "हरिबा, घरची बाई वाचवायची व्हती रे."

"वाचवायचीच व्हती, आप्पा. पर त्यापायी माझं नाव कशापायी घेतलं? गप बसला असता तरी भागलं असतं."

हौसरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग ते वळले. त्यानंतर दोघं लग्नाकार्यात भेटतात, रामराम करतात.

सगुणाबाईच्या मनात मात्र ते सलत राहिलं होतं. एकदा सकाळी एसटीला निघालेल्या हरिबाला डबा देताना ती म्हणाली, "म्या त्या दिशी तुमाला तसं इचाराया नको व्हतं."

"इचारलंस ते बरं केलंस," हरिबा म्हणाला. "बाकी कुणी इचारलंच न्हाई."

तेवढ्यात वळणावर गाडीचा हॉर्न ऐकू आला, आणि तो डबा काखेत मारून लगबगीनं रस्त्याकडं निघाला.