व्हर्नाच्या नळीतला शेवटचा बार

क्लेअर झर्बीला बंदुकीच्या नळीतला पीळ बायकोच्या स्वभावापेक्षा चांगला कळायचा, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. सगळा जन्म लेथवर गेलेला माणूस. नळीत बोट घालून तो गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा पीळ सैल की घट्ट ते सांगे. पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगरपट्ट्यात नाताळ उलटला की हरणांच्या शिकारीचा, ठासणीच्या बंदुकांचा मोसम सुरू होतो. चकमकीचा दगड, दारू, गोळी, ठासायचा गज, सगळं आजोबांच्या वेळेसारखं. क्लेअर आणि व्हर्ना लग्न झाल्यापासून दरवर्षी जोडीनं जायचे.

भांडायचेही जोडीनंच, आणि विषय एकच. व्हर्ना शिशाची गोल गोळी उशीच्या जुन्या अभ्र्याच्या चिंधीत गुंडाळून ठासायची. तिच्या आईची तीच पद्धत. अशा गोळीला सैल पीळ लागतो, सहासष्ट इंचांत एक फेरा. क्लेअरचा जीव मात्र सॅबोवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या टोपीत बसवलेल्या लांबट गोळीवर. ती लांब जाते, सरळ जाते, पण तिला पीळ घट्ट हवा, अठ्ठावीस इंचांत एक फेरा. एका नाताळात त्यानं व्हर्नाच्या बंदुकीला तसली नवी नळी बसवून भेट दिली. ती म्हणाली, "छान आहे," आणि त्याच नळीत चिंधीची गोळी ठासत राहिली. घट्ट पिळात चिंधी घसरते, गोळी कुठंही जाते. क्लेअरचा नुसता जळफळाट व्हायचा.

एप्रिलमध्ये व्हर्ना गेली. डोक्यात गाठ निघाली होती.

तेव्हापासून क्लेअरला काही वाटतच नव्हतं. खोटं कशाला सांगा, दफनाच्या वेळी त्याचं लक्ष शवपेटीच्या बिजागऱ्यांवर होतं, एक तिरकी बसली होती. मेव्हणी ट्वायला डब्यावर डबे आणून द्यायची. "रड रे बाबा एकदाचा, दगड झालायस नुसता," म्हणायची. तो "बरं" म्हणायचा आणि ओट्याशी उभ्या उभ्या जेवायचा. जेवणाला चव नव्हती. ट्वायलाच्या हातालाही ती कधी नव्हतीच म्हणा.

एकच गोष्ट त्याला अजून हवी होती. व्हर्नाची बंदूक भरलेली होती. मोसमाच्या शेवटच्या संध्याकाळी शिकारीच्या झोपडीमागं सगळे ओळीनं उभे राहून उरलेले बार मातीत उडवतात, हा तिथला रिवाज. गेल्या जानेवारीत व्हर्नाला थकवा आला म्हणून दोघं थेट घरी आले, आणि बार नळीतच राहिला. तो तिनं स्वतःच्या हातानं भरला होता. त्या सकाळी क्लेअरनं नेहमीसारखी आपली सॅबोची नळकांडी तिच्या खिशात कोंबली होती, एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. ती वापरली का तिनं? एकदा तरी? एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पण बघायचं म्हणजे बार काढायचा, आणि मग तिच्या हातचं काही उरणार नाही. म्हणून बंदूक कपाटात तशीच उभी होती.

नाताळच्या दुपारी हार्लन बॉयर आला. क्लेअरचा शाळेपासूनचा दोस्त, तोंडानं फाटका, मनानं बरा.

"उद्या मोसम सुरू होतोय. येतोयस ना, म्हाताऱ्या?"

"बघू."

"बघू काय? लग्नाचं स्थळ आहे का? आण बंदुका, पुसून ठेवू."

क्लेअरनं दोन्ही आणल्या. व्हर्नाची पुढं करताना म्हणाला, "ही भरलेली आहे. जानेवारीपासून."

हार्लन उडालाच. "अरे गाढवा! वर्षभर दारू आत? ती ओल धरते. एवढी हौसेनं दिलेली नळी आतून खाऊन टाकली असेल गंजानं. चल मागं, उडवून टाकू."

"उडवायची नाही. गोळी ओढून काढायची."

"का पण?"

"तिनं काय भरलंय ते बघायचंय मला."

हार्लननं क्लेअरचं तोंड बघितलं आणि टेबल मोकळं केलं. बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली. हार्लननं गज आत सरकवला. त्या गजावर क्लेअरनंच दोन रेघा कोरल्या होत्या. नळी रिकामी असली की वरची रेघ नळीच्या तोंडाशी येते, बार भरलेला असला की खालची.

गज थांबला. वरची रेघ बाहेरच होती, खालची आत गेली होती. नळीचं तोंड दोन्हींच्या मधे.

"रेघा चुकल्या तुझ्या," हार्लन म्हणाला.

"माझ्या रेघा चुकत नाहीत."

क्लेअरनं गजाच्या टोकाला स्क्रू लावला, आत घालून शिशात फिरवला आणि दोन्ही हातांनी ओढला. हार्लननं बंदूक धरून ठेवली होती. गोळी कुरकुरत आली आणि एकदम सुटून टेबलावर पडली. लांबट होती. खाली निळी प्लॅस्टिकची टोपी.

"सॅबो!" हार्लन ओरडला. "जिंकलास की लेका! शेवटी ऐकलं तिनं तुझं."

क्लेअरनं गोळी उचलली. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. आठ महिने ज्याची वाट बघितली, तेही इतकंच निघालं. त्यानं सवयीनं वर्तमानपत्र पसरलं आणि दारू पाडायला नळी त्यावर उलटी केली. काही पडलं नाही. थोपटली, दस्त्यावर थापा मारल्या. कागद कोराच.

"ओलीनं चिकटली असेल," हार्लन म्हणाला.

क्लेअरनं गजाला पांढरी चिंधी लावून तळापर्यंत घातली, फिरवली, काढली. चिंधी पांढरीच.

हार्लननं खुर्ची ओढली आणि बसला. दारू न घालता नुसती गोळी ठासणं ही त्यांच्यातली सगळ्यात मोठी फजिती. असं करणाऱ्याच्या गळ्यात जेवणभर तवा अडकवतात. प्रत्येकाच्या गळ्यात तो एकदा तरी पडलेला, हार्लनच्या तर कितीदा. व्हर्नाच्या कधीच नाही.

"ती हरणी," क्लेअर म्हणाला.

"कुठली?"

"शेवटच्या दिवशी. अगदी जवळ आली होती तिच्या. मी माझ्या मचाणावरून बघत होतो. तिनं चाप ओढला. ठिणगी उडाली, बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू पेटली, धूर झाला, आत काहीच नाही. मला म्हणाली, आतली दारू ओलावली असेल. आणि मी घरापर्यंत गाडीत तिला पीळ शिकवत आलो. म्हटलं, असल्या चिंधीनं हरीण पडत नसतं, व्हर्ना. जुनं ते धरून बसायचं आणि मग दारूला नावं ठेवायची."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, नसेल पडत."

जुन्या पद्धतीत तिचे हात आपोआप चालायचे, आधी दारू, मग चिंधी, मग गोळी. नवं नळकांडं तिनं पहिल्यांदाच हातात घेतलं होतं, नवऱ्याचं मन राखायला. हे कुणाच्याही हातून झालं असतं, असं हार्लन म्हणाला. दोनदा म्हणाला.

"गोळी ठासली की ती रेघ बघायची," क्लेअर म्हणाला. "दरवेळी. एकदाही चुकली नाही. त्या दिवशी रेघ बघायलाही विसरली."

हार्लननं कोऱ्या वर्तमानपत्राची घडी घातली.

"मार्चमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, विसरायला कधीपासून लागल्या? ती समोरच बसली होती. मी म्हटलं, छे हो, परवा-परवापर्यंत काही नव्हतं. मोसमभर माझ्याबरोबर शिकारीला होती, अगदी ठणठणीत. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं."

गज अजून त्याच्या हातातच होता. खालची रेघ पुसायची असल्यासारखा तो तिच्यावर अंगठा घासत राहिला. हार्लननं गज काढून घेतला.

"आपण दारूच विसरलो, हे तिला तेव्हाच कळलं होतं रे," क्लेअर म्हणाला. "गाडीत. माझ्या शेजारी बसून घाबरली होती ती. आणि मी बोलत होतो." मग त्याच्या तोंडून आवाज फुटला, आणि तो रडू लागला. स्वयंपाकघरात अंधारून आलं तरी दिवा लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.