बर्फसाहेबांचा डबा

उभी हयात फ्रिजच्या दुकानात घालवलेल्या माणसाला गारव्यातलं काय कळतं, तर दार उघडता येतं. एवढंच. कॉलनीत त्याला बर्फसाहेब म्हणत, आणि ही चेष्टा आहे हे त्या एकट्यालाच अजून उमगलेलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की फ्रिजचं दार सताड उघडायचं आणि म्हणायचं, "हात घाला आत. बघा कसं लागतंय." झाली नोकरी. बिघडलेला फ्रिज दुरुस्त करायला वेगळी माणसं यायची. हा त्यांच्या डोक्यावर उभा राहून अक्कल पाजळायचा. निवृत्त झाल्यावर अक्कल ऐकून घ्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्याने बायकोचा केकचा धंदा सांभाळायला घेतला.

बायकोने सांभाळायला सांगितलं नव्हतं.

ती आजवर शेजारपाजारच्या वाढदिवसांचे केक करायची. या खेपेला मात्र शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होत होत्या. तीन मजली केक, संध्याकाळी पाचला शाळेत. तो जमला तर शाळेच्या कँटीनचं रोजचं काम तिला मिळणार होतं. आठवडाभर तिचा जीव टांगणीला लागला होता. केक सकाळीच भाजून झाले, राहिली होती क्रीम. ती मिळायची गावाच्या दुसऱ्या टोकाच्या घाऊक दुकानात. ऊन तर असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि क्रीमचं दुखणं असं, की फेटेपर्यंत ती गारच राहावी लागते. तापली की फुगत नाही, नुसतं पाणी सुटतं.

तिला गाडी येत होती, लायसनही होतं. पण उन्हातलं ड्रायव्हिंग वेगळं असतं म्हणे, म्हणून स्टिअरिंगवर साहेब.

"आधी बाकीचं घेऊ, क्रीम शेवटी," ती दुकानात म्हणाली. "आणि मी ती पायाशी ठेवते, एसीच्या वाऱ्यात."

स्वस्तातला फ्रिज मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हसावं तसा तो हसला. "अगं, पायाशी काय ठेवतेस, चपला आहेत का त्या? शास्त्र असतं याला. मी डबा केलाय."

डबा थर्माकोलचा होता. चहूकडून तपकिरी पट्ट्या मारलेल्या, त्यामुळे नुकताच दवाखान्यातून सोडल्यासारखा दिसत होता. आत चंदेरी कागद, बर्फाच्या पिशव्या, त्यांच्यात थर्मामीटर खोचलेला. खरं सांगायचं तर डबा झकास होता. झाकण बंद ठेवलं असतं तर क्रीम दिवेलागणीपर्यंत गारठून राहिली असती.

परतीच्या पहिल्याच सिग्नलला तो उतरला. "बघून येतो जरा."

डिकी उघडली, डबा उघडला, थर्मामीटर बघितला, खूश होऊन परत आला. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या तेव्हा त्याने त्यांना हातानेच थांबायची खूण केली. पेट्रोल पंपावर तर त्याला कॉलनीतले टेलरमास्तर भेटले, मग काय विचारता.

"काय साहेब, पार्सल कसलं?"

"हात घाला आत."

मास्तरांनी कोपरापर्यंत घातला. "गार आहे बुवा."

"आता बाहेर हात धरा. बघा फरक. ही सगळी कागदाची करामत." कागद कसा चिकटवला ते दाखवायला त्याने क्रीमची पाकिटं काढून भर उन्हात डिकीच्या कडेवर मांडली.

तिने काच खाली केली. "अहो, झाकण लावा."

"मास्तरांना दाखवतोय ना."

"मास्तरांना केक करायचाय का?"

मास्तर बिचारे हात पुसत म्हणाले, "वहिनी, मी निघतो." पण साहेबांनी त्यांचा दंड धरून ठेवला. थर्मामीटर अजून समजावायचा होता.

घरी आल्या आल्या तिने मशिन लावलं. क्रीम भांड्यात पातळ दुधासारखी फिरत राहिली. मग कडेला गोळे आले आणि तळाशी पाणी.

"मशिनच मरतुकडं आहे," तो मागून म्हणाला. मग भांड्यात डोकावून म्हणाला, "नाहीतर मालच नासका. डब्यातला आकडा तर बरोबर होता."

"कधी?"

"निघताना."

तिने मशिन बंद केलं आणि हात पुढे केला. "किल्ली."

"मी आणतो ना जाऊन."

"तुम्ही नको."

"एकटी? त्या वळणावर ट्रक असतात."

"ट्रकवाले झाकण उघडून बघत नाहीत. तेवढं पुरे."

त्याने किल्ली दिली, वर म्हणाला, "डबा तरी ने." तिने नेला. थर्मामीटर तेवढा उपटून त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. "हा घ्या. घर किती तापलंय ते बघत बसा."

दुकानातूनच तिने मोठ्या बाईंना फोन करून सांगितलं, तीन मजले होत नाहीत, दोनच होतील. बाई म्हणाल्या, दोन पुरे, पण उशीर नको. ती वाटेत कुठे उतरली नाही. यावेळी क्रीम भांड्यात ताठ उभी राहिली. वेळ उरला नव्हता, म्हणून वरच्या नक्षीचा नाद सोडून तिने साधीच क्रीम लिंपली आणि पाचाच्या आत केक शाळेत पोचवला. बाईंनी बोटाने क्रीम चाटली, पुन्हा चाटली, आणि म्हणाल्या, सोमवारपासून या.

ती घरी आली तर साहेब दारातच. "काय, मिळालं ना आपल्याला काम?"

"मला मिळालं," ती म्हणाली, आणि फाटलेल्या क्रीमचं तेलकट भांडं त्याच्यापुढे घासायला ठेवलं.